वापरसुलभतेचा तज्ज्ञ वॉकथ्रू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तज्ज्ञ वॉकथ्रूमध्ये नक्की करतात काय?

ॲप असो, वेबसाइट असो की एखाद्या यंत्राचा पडदा, तो वापरणाऱ्याचं एक खरं काम निवडायचं. मग त्याच्या जागी स्वतःला ठेवून ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघायचं आणि प्रत्येक पावलाला थांबून विचारायचं: इथे तो अडखळेल का, आणि कशामुळे?

खरा वापरकर्ता या वेळी समोर नसतो. त्यामुळे हाती लागतं ते भाकीत. ‘इथे माणसं चुकतात’ असं या पद्धतीला म्हणता येत नाही, ‘इथे चुकतील असं दिसतंय, कारण अमुक’ एवढंच म्हणता येतं. यातला ‘कारण’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. कारण न देता केलेली टिप्पणी म्हणजे निव्वळ आवडनिवड, मग ती तज्ज्ञाची का असेना.

ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन आणि कॉग्निटिव्ह वॉकथ्रू हे एकच आहेत का?

नाही, पण दोघं एकाच वर्षी जन्मलेली भावंडं आहेत. १९९० साली जेकब नील्सन आणि रोल्फ मोलिच या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन मांडलं. मोजकी सर्वसाधारण तत्त्वं हाताशी ठेवून अख्खा इंटरफेस, म्हणजे वापरणाऱ्यासमोर येणारे सगळे पडदे आणि बटणं, तपासायचा, असं त्याचं स्वरूप. त्याच वर्षी क्लेटन लुईस, पीटर पोल्सन, कॅथलीन व्हार्टन आणि जॉन रीमन यांनी कॉग्निटिव्ह वॉकथ्रू मांडला. त्याची मुळं मानसशास्त्रात आहेत. कुणी शिकवलेलं नसताना, पुस्तिका न वाचता, समोर दिसेल ते दाबून बघत माणूस एखादी प्रणाली कशी शिकतो, या विचारातून तो आला.

त्यामुळे दोघांची नजर वेगळी पडते. ह्युरिस्टिक पाहणी घरभर फिरून भेगा शोधते. कॉग्निटिव्ह वॉकथ्रू एकाच पाहुण्याचा हात धरून त्याला फाटकापासून माजघरापर्यंत नेतो आणि तो कुठे थबकतो ते बघतो. नवख्या माणसाला पहिल्याच वेळी जमायला हवं अशा ठिकाणी मी वॉकथ्रू निवडतो. रोज आठ तास तीच स्क्रीन वापरणाऱ्यांसाठी काही बनवलं असेल, तर त्यांचा वेग आणि सोय वॉकथ्रूच्या प्रश्नांत फारशी पकडली जात नाही. तिथे ह्युरिस्टिक पाहणी बरी.

व्यवहारात बहुतेक जण दोन्हींची सरमिसळ करतात आणि त्याला ‘एक्स्पर्ट रिव्ह्यू’ म्हणतात. त्यात गैर काही नाही, फक्त आपण कधी कुठली टोपी घातली आहे याचं भान हवं.

कॉग्निटिव्ह वॉकथ्रूचे चार प्रश्न कोणते? एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

प्रत्येक पावलाला हेच चार प्रश्न विचारायचे. या क्षणी जे करायला हवं, ते करावं असं वापरणाऱ्याच्या मनात येईल का? त्यासाठीचं बटण किंवा जागा त्याच्या नजरेला पडेल का? पडली, तर आपल्याला हवं ते यानेच होईल हे त्याला कळेल का? आणि ते केल्यावर काम पुढे सरकलं हे त्याला दिसेल का?

समजा, एका ॲपवरून डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन झाली आहे आणि आता तिची वेळ बदलायची आहे. वापरणारी व्यक्ती हे ॲप आयुष्यात दुसऱ्यांदा उघडते आहे. डिझाइनरच्या मते मार्ग सरळ आहे: खालच्या पट्टीतला ‘इतिहास’, मग अपॉइंटमेंटचं कार्ड, मग कोपऱ्यातले तीन ठिपके, ‘संपादन’, नवी वेळ, ‘सेव्ह’.

पहिल्याच पावलाला घोटाळा आहे. अपॉइंटमेंट परवाची आहे आणि ती शोधायची ‘इतिहासात’! जी गोष्ट अजून घडलेलीच नाही ती इतिहासात बघावी हे कुणाच्या डोक्यात येईल? पट्टी दिसते, शब्द वाचता येतो, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येतं. बरेच जण इथून शोधचौकटीत जातील किंवा सरळ नवी अपॉइंटमेंट घेऊन मोकळे होतील.

दुसरं पाऊल ठीक आहे, कार्ड दाबावंसं वाटतं. तीन ठिपके मात्र फिकट राखाडी रंगाचे आणि अगदी कडेला. इथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. ठिपके सापडलेच तर पुढे ‘संपादन’ लिहिलेलं. तिच्या मनात वाक्य आहे ‘वेळ बदलायची’. अपॉइंटमेंटचं संपादन करतात हे तिने कधी ऐकलेलंही नाही.

खरी मेख शेवटच्या पावलात आहे. ‘सेव्ह’ दाबल्यावर ॲप मुख्य स्क्रीनवर परत जातं आणि गप्प बसतं. वेळ बदलली की नाही? चौथ्या प्रश्नाला उत्तरच नाही. आता ती पुन्हा सगळा फेरा मारेल किंवा दवाखान्यात फोन करेल. तांत्रिकदृष्ट्या काम झालेलं आहे, तिच्या दृष्टीने ते अधांतरी आहे.

एकेक स्क्रीन सुटी दाखवली असती तर यातली निम्मी अडचण कुणाला दिसली नसती. ‘इतिहास’ या शब्दात तसं वावगं काही नाही. तो चुकीचा ठरतो तो तिच्या कामाच्या संदर्भात.

नील्सनची दहा तत्त्वं पाठ करावी लागतात का?

पाठ होतातच. ह्युरिस्टिक पाहणीची सुरुवातीची यादी नऊ तत्त्वांची होती. पुढे नील्सनने वेगवेगळ्या प्रकल्पांतल्या २४९ अडचणींचं सांख्यिकी विश्लेषण केलं आणि १९९४ मध्ये आजची दहा तत्त्वं समोर आली. प्रणाली काय करते आहे ते दिसत राहावं, तिची भाषा माणसांची असावी, चुकून टाकलेलं पाऊल मागे घेता यावं, एकाच गोष्टीला सगळीकडे एकच नाव असावं, चूक होण्याआधीच रोखावी, लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा समोर दाखवावं, सरावलेल्यांना जवळच्या वाटा असाव्यात, पडद्यावर पसारा नसावा, चूक झाल्यावर येणारा संदेश कळेल असा आणि उपाय सांगणारा असावा, आणि लागलीच तर मदत सापडावी.

माझं मत जरा वेगळं आहे. ही यादी अडचण शोधायला कमी आणि सापडलेल्या अडचणीला नाव द्यायला जास्त उपयोगी पडते. यादी हातात धरून स्क्रीन तपासणारा माणूस रकाने भरतो. काम हातात घेऊन स्क्रीनमधून जाणाऱ्याला अडचणी भेटतात. नंतर यादी उघडली की ‘हे अमुक तत्त्वाविरुद्ध आहे’ असं लिहिता येतं आणि समोरच्याला ते आपलं वैयक्तिक मत वाटत नाही.

किती तज्ज्ञ लागतात? एकट्याने केलं तर चालेल का?

अजिबात न करण्यापेक्षा एकट्याने केलेलं बरं. पण नील्सनच्या सहा प्रकल्पांतली सरासरी अशी की एकट्या तपासनीसाला एकूण अडचणींपैकी ३५ टक्केच सापडल्या. पाच जण असले की हा आकडा सुमारे पाऊणपर्यंत जातो. पुढे माणसं वाढवली तर भर पडते, पण खर्चाच्या मानाने थोडी. म्हणून तीन ते पाच ही शिफारस रूढ झाली.

यातली गंमत अशी की ‘सगळ्यात हुशार’ एकाला बोलावून भागत नाही. इतर कुणालाच न दिसलेली अवघड अडचण कधीकधी एरवी फारसं काही न सापडलेल्या माणसाच्या हाती लागते.

तज्ज्ञ कुणाला म्हणायचं? आमची डिझाइन टीम चालेल का?

ज्याने दार बसवलं त्यालाच ते कुठल्या बाजूला उघडतं हे विचारून काय मिळणार? आपल्या टीमची नजर त्या स्क्रीनला सरावलेली असते. शेजारच्या प्रकल्पातला डिझाइनरसुद्धा त्याहून बरा.

तज्ज्ञतेचा फरक किती पडतो याचा एक जुना पण बोलका दाखला आहे. नील्सनने १९९२ मध्ये एक फोनवरची बँकिंग सेवा तीन गटांकडून तपासून घेतली. वापरसुलभतेचं ज्ञान नसलेल्या एकेकाला सरासरी २२ टक्के अडचणी सापडल्या, वापरसुलभतेच्या तज्ज्ञांना ४१ टक्के, आणि ज्यांना वापरसुलभता आणि त्या प्रकारची प्रणाली दोन्ही ठाऊक होती त्यांना ६० टक्के. असे दुहेरी जाणकार मिळणं कठीणच. विषयातल्या एखाद्या अनुभवी माणसाला पाहणीच्या वेळी शंका विचारण्यापुरतं जवळ बसवलं, तरी बरीच कसर भरून निघते.

सगळ्यांनी एकत्र बसून पाहणी केली तर वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल आणि अडचणीही वाचतील. पहिल्याने मोठ्या आवाजात ‘हे बटण नीट नाही’ म्हटलं की बाकीच्यांची नजर त्या बटणावर खिळते. ह्युरिस्टिक पाहणीत प्रत्येकाने आधी एकेकट्याने बघायचं, लिहायचं, आणि मगच याद्या एकत्र करायच्या. हा नियम मोडू नका. बाकीचे नियम परिस्थितीनुसार वाकवता येतात, हा नाही.

एकत्र बसून करण्याची वेगळी पद्धत आहे. तिला प्लुरलिस्टिक वॉकथ्रू म्हणतात आणि ती रॅन्डॉल्फ बायस यांनी मांडली. त्यात वापरकर्ते, डेव्हलपर आणि वापरसुलभतेचे लोक एकाच टेबलाशी बसतात, कागदावरच्या स्क्रीन एकेक करून पाहतात आणि ‘मी आता काय करेन’ हे प्रत्येक जण आधी स्वतःच्या कागदावर लिहितो. चर्चा त्यानंतर, तीही वापरकर्त्यांनी आधी बोलून. म्हणजे तिथेसुद्धा आधी एकांत आहेच.

वॉकथ्रूच्या बैठकीत वादच फार होतात. काय करावं?

हे दुखणं जुनं आहे. मायक्रोसॉफ्टमधल्या रिक स्पेन्सर यांनी २००० साली याच कारणाने कॉग्निटिव्ह वॉकथ्रू आटोपशीर करून मांडला. चाराचे दोनच प्रश्न केले: या पावलाला काय करायचं ते वापरणाऱ्याला कळेल का? आणि बरोबर केलं तर ते बरोबर झालं, काम पुढे गेलं, हे कळेल का? शिवाय बैठकीत तिथल्या तिथे नवं डिझाइन सुचवायचं नाही, असलेल्याची बाजू लढवायची नाही आणि मानसशास्त्राच्या सिद्धांतांवर काथ्याकूट करायचा नाही.

यातला पहिला नियम पाळणं सगळ्यात अवघड. अडचण दिसली की उपाय सुचतोच, आणि एकाने सुचवला की दुसऱ्याला त्याहून चांगला सुचतो. अर्ध्या तासाने फळ्यावर तिसरंच ॲप उभं असतं आणि वॉकथ्रू दुसऱ्या पावलावर थांबलेला. मी फळ्याच्या एका कोपऱ्यात ‘नंतर’ अशी चौकट आखून ठेवतो. कल्पना त्यात लिहिली की मांडणाऱ्याचा जीव शांत होतो.

तयारी काय लागते आणि वेळ किती जातो?

कामांची यादी, वापरणाऱ्याचं वर्णन, आणि कॉग्निटिव्ह वॉकथ्रू असेल तर प्रत्येक कामाचा बरोबर मार्ग पावलापावलाने लिहिलेला. ह्युरिस्टिक पाहणीला प्रत्येकी साधारण एक ते दोन तास लागतात. त्यात इंटरफेसमधून दोनदा जावं: एकदा ओघ कळावा म्हणून नुसतं फिरून यायचं, दुसऱ्यांदा बारकाईने. प्रणाली फार मोठी असेल तर तास वाढवण्याऐवजी तिचे भाग पाडून वेगवेगळ्या वेळी बसा. दोन तासांनंतर डोळे बघतात, पण दिसत काही नाही.

वापरणाऱ्याचं वर्णन ‘वय २५ ते ४५, स्मार्टफोन वापरतो’ इतक्यावर सोडू नका. या माहितीने कुठल्याही पावलाचं उत्तर बदलत नाही. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या मार्गारेट बर्नेट आणि सहकाऱ्यांनी, सॉफ्टवेअर स्त्री-पुरुष सगळ्यांना सारखंच जमतं का ते तपासणारी, ‘जेंडरमॅग’ नावाची पद्धत तयार केली, तीही कॉग्निटिव्ह वॉकथ्रूवरच बेतलेली आहे. ही व्यक्ती तंत्रज्ञान कशासाठी वापरते, माहिती सगळी वाचून मग पाऊल उचलते की थोडी वाचून लगेच, नव्या गोष्टीबद्दल तिला स्वतःवर किती भरवसा आहे, धोका पत्करते का, आणि उगाच दाबून बघत शिकते की पायरीपायरीने, हे त्यात आधी ठरवलेलं असतं. अशी व्यक्ती डोळ्यांसमोर असली की ‘कळेल का?’ या प्रश्नाला ‘कुणाला?’ असा फाटा फुटत नाही.

कागदावरच्या आराखड्याचा वॉकथ्रू करता येतो का?

येतो, आणि करावाच. कोडची एक ओळही लिहिलेली नसताना ‘इतिहास’ हा शब्द बदलायला मिनिट लागतं. कागदावर वेग, ॲनिमेशन, स्क्रीन उघडायला लागणारा वेळ कळत नाही, एवढी मर्यादा धरून चाला.

सापडलेल्या अडचणींची गंभीरता कशी ठरवायची?

शून्य ते चार ही श्रेणी सर्रास वापरतात. शून्य म्हणजे ही अडचणच नाही, एक म्हणजे नुसतं दिसण्यापुरतं, दोन किरकोळ, तीन मोठी, आणि चार म्हणजे हे दुरुस्त केल्याशिवाय बाहेर काढू नका. आकडा ठरवताना ही अडचण किती जणांना येईल, आली तर किती अडेल, आणि एकदा कळल्यावर सुटते की दरवेळी छळते, हे बघायचं.

एकट्याने दिलेल्या आकड्यावर विसंबू नका. अडचणींची एकत्र यादी झाल्यावर ती सगळ्यांना पाठवावी, प्रत्येकाने स्वतंत्र गुण द्यावेत आणि सरासरी काढावी. तिघांची सरासरी बहुतेक कामांना पुरते.

दोन तज्ज्ञांचे अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

दोघांवरही, थोडाथोडा. मॉर्टन हर्टझम आणि नील्स एबे याकोबसेन यांनी २००१ मध्ये यावरचे अभ्यास एकत्र तपासले. कुठल्याही दोन मूल्यमापकांच्या यादीत एकमत होतं ५ ते ६५ टक्के. आणि हे केवळ तज्ज्ञ पाहणीत नव्हे, वापरकर्त्यांना मोठ्याने विचार करायला लावणाऱ्या चाचणीतही.

मोलिचने पुढे वेगवेगळ्या टीमना एकच इंटरफेस तपासायला देण्याची मालिकाच चालवली. त्यातल्या चौथ्या फेरीत १७ टीमनी एका हॉटेलची वेबसाइट तपासली, नऊंनी वापरकर्त्यांसह चाचणी घेऊन आणि आठांनी तज्ज्ञ पाहणी करून. मिळून ३४० वेगवेगळ्या अडचणी निघाल्या. निम्म्याहून जास्त टीमना सापडलेल्या त्यांतल्या फक्त नऊ, आणि २०५ अशा की एकेकाच टीमला दिसल्या. म्हणजे आपली यादी पूर्ण आहे असं कुणीच छातीठोकपणे सांगू नये, चाचणीवाल्यांनीही नाही.

मग थेट वापरकर्त्यांसह चाचणीच का घेऊ नये?

घ्याच. पण चाचणीला बोलावलेल्या माणसाचा तास मोलाचा असतो. तो तास फिकट बटण आणि चुकलेल्या शब्दावर खर्ची पडला, तर त्यामागे दडलेली खोल अडचण दिसायच्या आत वेळ संपतो. आधी वॉकथ्रू करून उघड दगडधोंडे उचलावेत, मग चाचणी.

‘कोणती पद्धत श्रेष्ठ’ या वादात मी पडत नाही. १९९१ मध्ये रॉबिन जेफ्रीज आणि सहकाऱ्यांनी एकाच प्रणालीवर चार पद्धती लावून बघितल्या, तेव्हा ह्युरिस्टिक पाहणीत सगळ्यात जास्त अडचणी सापडल्या, पण त्यांत बारीकसारीक गोष्टींचा भरणाही मोठा होता. १९९८ मध्ये वेन ग्रे आणि मेरिलिन साल्झमन यांनी अशा गाजलेल्या पाच तुलनात्मक प्रयोगांची चिरफाड करून त्यांची मांडणीच सदोष असल्याचं दाखवलं. तेव्हापासून कुणी अशा तुलनेचा एकच आकडा तोंडावर फेकला की मी तो आधी कसा काढला ते विचारतो.

वॉकथ्रूतल्या प्रत्येक भाकिताचं पुढे खरं ठरणं गरजेचं नाही. काही अडचणी तज्ज्ञालाच खुपतात आणि खरी माणसं त्यावरून बिनदिक्कत पुढे जातात. ज्या दुरुस्तीला मोठा खर्च आहे आणि जिच्याबद्दल तज्ज्ञांत दुमत आहे, ती चाचणीत टाका. बाकीच्या करून टाका.

इंटरफेस भाषांतरित असेल तर वेगळं काही बघावं लागतं का?

हो, आणि शब्द त्यांच्या जागेवर वाचावे लागतात. भाषांतरकाराला पुष्कळदा नुसती शब्दांची यादी मिळते, स्क्रीन नाही. त्यातून काय होतं बघा. पडदा विचारतो, ‘अपॉइंटमेंट रद्द करायची आहे का?’ आणि खाली दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता अपॉइंटमेंट ठेवायची असेल तर काय दाबायचं? यादीत दोन्ही भाषांतरं अचूक होती. ‘हो, अपॉइंटमेंट रद्द करा’ आणि ‘राहू द्या’ लिहिलं की प्रश्न मिटला.

देवनागरीत आणखी एक बघायचं: ओळीला दिलेली उंची. लॅटिन अक्षरांसाठी बेतलेल्या बटणात वरची वेलांटी किंवा खालचा उकार छाटला जातो आणि शब्द वेगळाच वाचला जातो.

अपंग व्यक्तींच्या सोयीची तपासणी यातच होते का?

अर्धवट. वेबवरचा मजकूर अपंग व्यक्तींना वापरता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांची काही मापं पाहणीतच तपासता येतात, उदाहरणार्थ नेहमीच्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट. एखादं काम माउसला हात न लावता फक्त कीबोर्डवर, आणि एकदा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून करून पाहा. पण डोळस तज्ज्ञाने स्क्रीन रीडर लावला म्हणून तो वर्षानुवर्षं वापरणाऱ्याची सवय त्याच्या अंगी येत नाही. इथे भाकीत सगळ्यात कच्चं असतं, त्यामुळे स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्यांना बोलवावंच लागतं.

अहवाल कसा लिहावा म्हणजे तो वाचला जाईल?

एका कामासाठी मी ६० हून जास्त मुद्द्यांचा अहवाल दिला होता, स्क्रीनच्या क्रमाने, रंगीत बाण वगैरे काढून. महिन्याने पाहिलं तर दोन आयकॉन आणि एक रंग बदललेला. सोपं ते झालं, महत्त्वाचं तिसाव्या पानावर राहिलं. तेव्हापासून पहिल्या पानावर पाचच मुद्दे, गंभीरतेच्या क्रमाने, आणि प्रत्येकाशी कोणतं काम अडतं ते.

‘नेव्हिगेशन गोंधळाचं आहे’ हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. ‘वेळ बदलताना “सेव्ह” दाबल्यावर बदल झाल्याची कसलीही खूण दिसत नाही, त्यामुळे लोक पुन्हा प्रयत्न करतील किंवा फोन करतील’ असं लिहिलं की डेव्हलपर त्या दुपारीच काम सुरू करू शकतो. आणि काय चांगलं जमलंय तेही लिहा. खूश करण्यासाठी नव्हे, पुढच्या बदलात ते कुणी काढून टाकू नये म्हणून.

दुरुस्त्या झाल्या. आता पुन्हा तेच तज्ज्ञ बोलवायचे का?

कामं तीच ठेवा, निदान एक तज्ज्ञ नवा घ्या. जुन्यांना आता ‘इतिहास’ कुठे आहे ते पाठ झालेलं असतं.